खासगी टाइप, मॉड्यूलची दृश्यता आणि कंपायलरच्या त्रुटी-संदेशांचे स्पष्टीकरण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा यंत्रांच्या, कंपन्यांच्या आणि संशोधकांच्या अंगाने झालेले दिसते. यंत्र आणि माणूस यांच्यात दररोज जो संवाद घडतो, त्याचा इतिहास मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. प्रोग्रामर जी आज्ञावली लिहितो ती यंत्राच्या भाषेत उतरविण्याचे काम कंपायलर करतो. आज्ञावलीत दोष आढळल्यास कंपायलर काम थांबवितो व एक संदेश देतो. हा त्रुटी-संदेश म्हणजे यंत्राने माणसाला दिलेले उत्तर होय. हे उत्तर समजले तर काम पुढे सरकते. न समजले तर शिकणारा तेथेच अडकतो. पुष्कळदा तो अंदाजाने एखादा शब्द बदलून पाहतो आणि चूक का झाली हे न कळताच पुढे जातो.

सर्व त्रुटी एकाच स्वरूपाच्या नसतात. अर्धविराम राहिला, कंस बंद झाला नाही, नावाचे अक्षर चुकले, या चुका त्या त्या ओळीवर बोट ठेवून दाखविता येतात. परंतु एका मॉड्यूलमधील खासगी टाइप, म्हणजे बाहेरच्यांसाठी न खुला केलेला विदेचा प्रकार, सार्वजनिक फंक्शनच्या व्याख्येत आला म्हणून कंपायलर जेव्हा आक्षेप घेतो, तेव्हा चुकीची अशी एक ओळ दाखविता येत नाही. टाइपची ओळ बरोबर असते, फंक्शनचीही बरोबर असते. दोष असतो तो दोहोंमधील संबंधात. म्हणूनच अशा त्रुटींचे स्पष्टीकरण लिहिणे हे कंपायलरच्या दस्तऐवजीकरणातील एक अवघड काम ठरले. या कामाचा इतिहास प्रस्तुत निबंधात मांडला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. त्रुटी-संदेश व त्यांच्या स्पष्टीकरणांच्या विकासाचे टप्पे पाहणे.
२. माहितीगोपनाच्या विचारामुळे त्रुटीचे कोणते नवे स्वरूप निर्माण झाले, ते विशद करणे.
३. खासगी टाइप व दृश्यतेविषयीच्या त्रुटींचे स्पष्टीकरण विविध भाषांनी कसे केले, याची तुलना करणे.
४. स्पष्टीकरणाचे लेखन आणि भाषेचा नियम यांचा परस्परसंबंध तपासणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अडा, सी प्लस प्लस, जावा, सी शार्प, स्विफ्ट व रस्ट या भाषांचा विचार केला असून रस्ट भाषेतील एका त्रुटीचा इतिहास विस्ताराने पाहिला आहे. कंपायलरच्या अंतर्गत तांत्रिक रचनेची चर्चा येथे अभिप्रेत नाही.

१. संकेतांकांचा काळ :

ग्रेस हॉपर यांची ए-० ही प्रणाली १९५२ मधील, तर जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएमने तयार केलेला फोरट्रानचा कंपायलर १९५७ मधील. त्या काळात यंत्राचा वेळ अत्यंत महाग होता व स्मृती अगदी तोकडी होती. कंपायलरमध्ये लांबलचक वाक्ये साठविणे परवडणारे नव्हते. त्यामुळे छापील कागदावर त्रुटीचा संकेतांक उमटावा आणि त्याचा अर्थ पुस्तकात शोधावा, अशी रीत पडली. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम ३६० या यंत्रमालिकेबरोबर संदेश आणि संकेतांक यांची स्वतंत्र पुस्तके येत असत. अशा पुस्तकांना त्रुटी-दस्तऐवजीकरणाचा आरंभीचा नमुना म्हणता येईल.

या पद्धतीतील उणीव सर्वांत आधी विद्यापीठांना जाणवली. कारखान्यातील अनुभवी प्रोग्रामर पुस्तक चाळून काम भागवीत असे, परंतु वर्गातील शेकडो विद्यार्थ्यांना ते शक्य नव्हते. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठात १९६५ मध्ये तयार झालेला वॉटफोर हा फोरट्रानचा कंपायलर वेगासाठी जसा नावाजला गेला, तसा त्रुटी चांगल्या रीतीने दाखविण्यासाठीही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डिट्रान या कंपायलरविषयीचा १९६७ मधील लेख तर त्रुटीनिदानावरच भर देणारा होता. पुढे १९८२ मध्ये बेन श्नायडरमन यांनी संदेशांच्या भाषेकडे लक्ष वेधले. ‘घातक’, ‘अवैध’ अशा धमकावणाऱ्या शब्दांऐवजी नेमके व पुढचा मार्ग सांगणारे शब्द वापरावेत, असा त्यांचा आग्रह होता. १९८३ मध्ये पी. जे. ब्राउन यांनी त्रुटी-संदेश हे माणूस व यंत्र यांच्या व्यवहारातील उपेक्षित क्षेत्र असल्याचे प्रतिपादन केले.

मात्र या साऱ्या प्रयत्नांचा रोख मुख्यतः व्याकरणाच्या आणि गणनेच्या चुकांवर होता. दृश्यतेच्या चुका तेव्हा नुकत्याच जन्माला येत होत्या.

२. माहितीगोपनाचा विचार आणि त्रुटीचे नवे स्वरूप :

नावाला मर्यादा असावी हा विचार १९६० च्या अल्गोल भाषेत आढळतो. एका खंडात घोषित केलेले नाव त्या खंडाबाहेर अस्तित्वात नाही, असा तो नियम होता. येथे गोपन हा हेतू नव्हता. नावांचा गोंधळ टाळणे एवढेच साधायचे होते.

डिसेंबर १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी आज्ञावलीचे मॉड्यूलमध्ये विभाजन कोणत्या निकषावर करावे, यासंबंधीचा आपला सुप्रसिद्ध लेख प्रसिद्ध केला. शब्दसूची तयार करणाऱ्या एका छोट्या आज्ञावलीचे त्यांनी दोन प्रकारे विभाजन करून दाखविले. कामाच्या पायऱ्यांनुसार केलेल्या विभाजनात एक निर्णय बदलला की अनेक मॉड्यूलना हात लावावा लागे. याउलट, बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलने स्वतःपाशी झाकून ठेवला, तर बदलाचा परिणाम तेवढ्यापुरता मर्यादित राहतो. हाच माहितीगोपनाचा विचार होय. १९७४ मध्ये बार्बरा लिस्कोव्ह व स्टीफन झिलेस यांनी अमूर्त विदा-प्रकारांविषयी लेखन केले आणि क्लू या भाषेतून तो विचार प्रत्यक्षात आला. निकलाउस विर्थ यांच्या मॉड्युला-२ मध्ये मॉड्यूलचा बाहेरच्यांना दाखवायचा भाग व आतील भाग वेगवेगळे लिहिले जाऊ लागले.

जुन्या वाड्याची रचना आठवल्यास ही कल्पना सहज ध्यानी येते. ओसरी आल्या-गेल्यासाठी असते, माजघर घरच्यांसाठी. माजघरातील मांडणी बदलली तरी ओसरीवरील पाहुण्याला त्याची झळ लागत नाही. परंतु या रचनेबरोबर एक नवा प्रश्नही उद्भवला. ओसरीवरील पाहुण्याच्या हाती माजघरातील अशी एखादी वस्तू दिली की जिचे नाव घेण्याची त्याला मुभा नाही, तर चूक कोणाची? देणाऱ्याची, घेणाऱ्याची, की वस्तू माजघरात ठेवणाऱ्याची? सार्वजनिक फंक्शनने खासगी टाइप परत करणे म्हणजे नेमके हेच होय. या प्रश्नाला प्रत्येक भाषेने निराळे उत्तर दिले आणि म्हणून तिच्या त्रुटी-संदेशांचे स्वरूपही निराळे झाले.

३. दिसणे आणि दिसू देणे – अडा, सी प्लस प्लस व जावा :

अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी ज्याँ इश्बिया यांच्या चमूने रचलेल्या अडा भाषेचे प्रमाणीकरण १९८३ मध्ये झाले. तिच्यात ‘खासगी टाइप’ ही संज्ञा थेट भाषेच्या व्याकरणात आली. अडामधील पॅकेजच्या घोषणेचे दोन भाग असतात. पहिल्या, दृश्य भागात टाइपचे केवळ नाव येते. दुसऱ्या, खासगी भागात त्याची पूर्ण रचना येते. वापरणाऱ्याच्या आज्ञावलीसाठी किती जागा लागेल हे कंपायलरला कळणे आवश्यक असल्याने ही रचना घोषणेतच लिहावी लागे. परिणामी एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली. टाइपची पूर्ण रचना त्याच पानावर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असे, आणि कंपायलर मात्र ती ‘दृश्य नाही’ असे सांगे. येथे ‘दृश्य’ हा शब्द डोळ्यांच्या संदर्भात नसून अधिकाराच्या संदर्भात आहे, हे विद्यार्थ्याला कोणीतरी समजावून सांगणे भाग होते. दृश्यतेच्या त्रुटीत केवळ स्थळ दाखवून भागत नाही, नियमाचे कारणही सांगावे लागते, याचा हा आरंभीचा पुरावा मानता येईल.

ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी सी प्लस प्लसमध्ये दृश्यता आणि प्रवेशाधिकार यांच्यात स्पष्ट भेद केला. या भाषेत खासगी घटक अदृश्य नसतो. कंपायलर प्रथम नावाचा शोध घेतो, एकाच नावाची अनेक फंक्शने असल्यास योग्य ते निवडतो आणि मगच त्याच्या वापराची परवानगी आहे की नाही ते तपासतो. त्यामुळे सार्वजनिक फंक्शन उपलब्ध असतानाही, अधिक जुळणारे म्हणून खासगी फंक्शन निवडले जाऊन त्रुटी येऊ शकते. खासगीचे सार्वजनिक केल्याने आज्ञावलीचा अर्थच बदलू नये, हे या क्रमामागील कारण होय. मात्र हे कारण संदेशात कोठेही उमटत नसे. नवशिक्यास कंपायलर हट्टी वाटे.

या भाषेच्या संदर्भात एक उल्लेखनीय सुधारणा क्लँग या कंपायलरमध्ये आढळते. घटक खासगी असल्याचे सांगून तो थांबत नाही, तर तो कोणत्या ओळीवर खासगी ठरला तेही दाखवितो. क्लासमधील घटकांपुढे काही लिहिले नसेल तर ते आपोआप खासगी मानले जातात. अशा वेळी क्लँगच्या टिपणीत ‘अध्याहृत’ अशा अर्थाचा एक शब्द अधिक येतो. या एका शब्दाने, विद्यार्थ्याने न लिहिलेला नियम त्याच्या नजरेस आणून दिला जातो.

जावा भाषेत १९९६ पासून प्रवेशाधिकाराच्या चार पातळ्या होत्या. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ ने त्यावर मॉड्यूलची आणखी एक सीमा उभी केली. त्यामुळे क्लास सार्वजनिक असूनही तो वापरता येत नाही, असा अनुभव प्रथमच येऊ लागला. येथे जावाच्या कंपायलरने दिलेला संदेश अभ्यासण्यासारखा आहे. अमुक पॅकेज दृश्य नाही एवढेच तो म्हणत नाही. हे पॅकेज अमुक मॉड्यूलमध्ये घोषित आहे आणि ते मॉड्यूल त्याची निर्यात करीत नाही, असे कारणही तो सांगतो. वस्तू सापडली नाही आणि वस्तू सापडली पण दिली जात नाही, या दोन अत्यंत भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या बाबतीत शोध चालू ठेवायचा असतो, दुसऱ्या बाबतीत दुसरा मार्ग धरायचा असतो. चांगल्या संदेशाने हा फरक प्रथम स्पष्ट करावा लागतो.

४. सी शार्प व स्विफ्ट – संबंधातील दोष सांगण्याचा प्रयत्न :

खासगी टाइप सार्वजनिक व्याख्येत येणे यालाच सी प्लस प्लसने कधी त्रुटी मानले नाही. टाइपचे नाव बाहेर वापरता येत नसले, तरी त्याचे मूल्य बाहेर जाऊ शकते. २०११ च्या प्रमाणानुसार टाइपचे नाव न लिहिता चल घोषित करण्याची सोय झाल्यावर तर असे मूल्य बाहेर सांभाळणेही सुलभ झाले.

२००२ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ डॉट नेटबरोबर आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या सी शार्प भाषेने नेमकी उलट भूमिका घेतली. परतीचा टाइप फंक्शनपेक्षा कमी खुला असेल तर कंपायलर ‘विसंगत प्रवेशाधिकार’ अशा आशयाची त्रुटी देतो. तिचा क्रमांक सीएस-००५०. फंक्शनला दिलेले मूल्य, क्लासमधील क्षेत्र, मूळ क्लास अशा वेगवेगळ्या जागांसाठी त्यापुढील क्रमांक योजलेले आहेत. या संदेशाचे वैशिष्ट्य असे की तो दोन गोष्टींची नावे घेऊन त्यांची तुलना करतो. दोष संबंधात आहे हे संदेशाच्या वाक्यरचनेतूनच व्यक्त होते. शिवाय प्रत्येक क्रमांकासाठी स्वतंत्र स्पष्टीकरण व उदाहरण देणारे पान उपलब्ध झाले. सिस्टिम ३६० च्या काळातील क्रमांकाची प्रथा येथे नव्या अर्थाने परतली. पूर्वी जागा नाही म्हणून क्रमांक होता. आता अधिक सांगता यावे म्हणून क्रमांक आला.

अॅपलच्या स्विफ्ट भाषेने २०१४ मध्ये हाच नियम स्वीकारला. अमुक फंक्शन सार्वजनिक म्हणून घोषित करता येत नाही, कारण त्याच्या परतीचा टाइप अंतर्गत आहे, असा तिचा संदेश असतो. त्यात ‘कारण’ हा शब्दच आलेला आहे. तथापि, यांपैकी काय बदलावे याचा निर्णय वाचणाऱ्यावरच राहतो.

५. रस्ट भाषेतील ई-०४४६ ची कहाणी :

ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये वैयक्तिक प्रकल्प म्हणून सुरू केलेल्या आणि २००९ पासून मोझिलाने पाठबळ दिलेल्या रस्ट भाषेची १.० ही आवृत्ती १५ मे २०१५ रोजी प्रसिद्ध झाली. या भाषेत दृश्यता क्लासला नव्हे, तर मॉड्यूलला जोडलेली आहे. काही न लिहिल्यास बहुतेक घटक खासगी असतात. आतील मॉड्यूलला बाहेरील मॉड्यूलचे खासगी घटक वापरता येतात, बाहेरील मॉड्यूलला आतील वापरता येत नाहीत. अन्य भाषांतून आलेल्या विद्यार्थ्याला ही रचना नवी वाटते.

सार्वजनिक व्याख्येत खासगी घटक नसावेत, असा प्रस्ताव रस्टच्या जाहीर प्रस्तावमालिकेत २०१४ मध्ये मांडला गेला. त्याचा क्रमांक १३६. खासगी टाइपसाठी ई-०४४६ आणि खासगी ट्रेटसाठी, म्हणजे टाइपने पाळावयाच्या करारासाठी, ई-०४४५ असे क्रमांक ठरले. रस्टच्या कंपायलरला क्रमांक देऊन ‘स्पष्ट कर’ अशी आज्ञा दिली की त्या त्रुटीचे विस्तृत स्पष्टीकरण तेथेच वाचावयास मिळते.

ई-०४४६ च्या आरंभीच्या स्पष्टीकरणाचा आशय विचारात घेण्याजोगा आहे. टाइपही सार्वजनिक करावा, असा उपाय त्यात सांगितला होता. टाइप बाहेर पोहोचू द्यायचा नसेल तर तो एका खासगी आतील मॉड्यूलमध्ये ठेवावा, परंतु त्यावर ‘सार्वजनिक’ ही खूण मात्र असलीच पाहिजे, अशी पुस्तीही जोडली होती. म्हणजे जो टाइप खरोखर सार्वजनिक करायचा नाही, त्यावरही तशी खूण करावी असा सल्ला भाषेचे अधिकृत स्पष्टीकरणच देत होते. स्पष्टीकरण लिहिणाऱ्यांची यात चूक नव्हती. नियमच तसा होता. नियम घोषणेतील शब्द पाहत होता. तो घटक बाहेरून प्रत्यक्षात गाठता येतो की नाही हे पाहत नव्हता. स्पष्टीकरणाने नियमातील ही विसंगती लपविली नाही. उलट ती प्रामाणिकपणे शब्दबद्ध झाल्याने उघडी पडली.

पुढील काही वर्षांतील घडामोडी क्रमाने पाहता येतात. १.० आवृत्तीतील तपासणीत पळवाटा राहिल्या होत्या. त्या बुजविताना आधी चालणाऱ्या आज्ञावल्या एकदम बंद पडू नयेत, म्हणून काही प्रकरणांत त्रुटीऐवजी पूर्वसूचना देण्याचा मार्ग स्वीकारला गेला. ८ जून २०१७ रोजी आलेल्या १.१८ आवृत्तीत मर्यादित सार्वजनिकतेची सोय झाली. ‘या संपूर्ण संचापुरते सार्वजनिक’ किंवा ‘अमुक मॉड्यूलपुरते सार्वजनिक’ असे लिहिता येऊ लागले. त्यानंतर ई-०४४६ च्या स्पष्टीकरणात दोन उपाय आले : एक तर व्याख्येची पोहोच टाइपइतकी मर्यादित करावी, अथवा टाइप सार्वजनिक करावा. भाषेजवळ जो शब्दच नव्हता तो उपाय दस्तऐवजाला आधी सांगता येणे शक्य नव्हते.

२०१७ मधील २१४५ क्रमांकाच्या प्रस्तावाने एक पाऊल पुढे टाकले. टाइपच्या खासगीपणाचे नियम लेखी स्वरूपात मांडणे आणि सार्वजनिक व्याख्येतील खासगी घटकांविषयीच्या त्रुटी सैल करून त्यांना सूचनांचे रूप देणे, अशी दोन कामे त्या एकाच प्रस्तावात एकत्र आली. हा योग लक्षणीय आहे. नियम समजावून सांगण्याचे काम आणि नियम सुधारण्याचे काम एकमेकांपासून अलग राहिले नाही. या प्रस्तावाची अंमलबजावणी होण्यास सहा वर्षे लागली. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी प्रसिद्ध झालेल्या १.७४ आवृत्तीत जुन्या त्रुटींची जागा दोन सूचनांनी घेतली. या सूचना घोषणेतील शब्दाऐवजी घटकाची प्रत्यक्ष पोहोच पाहतात. ई-०४४५ ही त्रुटी तर कंपायलरने देणेच थांबविले. ई-०४४६ उरली ती ट्रेटशी संलग्न टाइपच्या प्रकरणापुरती. खासगी टाइपचे मूल्य मॉड्यूलबाहेर वापरण्याचा प्रयत्न मात्र त्रुटीच ठरतो. म्हणजे संरक्षण कायम राहिले, केवळ आक्षेप घेण्याची जागा बदलली.

६. स्पष्टीकरणाची रचना आणि पडताळणी :

रस्टच्या १५६७ क्रमांकाच्या प्रस्तावाने २०१६ मध्ये विस्तृत स्पष्टीकरणांना एक समान आराखडा दिला. त्रुटीचे थोडक्यात वर्णन, ती उत्पन्न करणारे लहानात लहान उदाहरण, कारणमीमांसा आणि दुरुस्त केलेले उदाहरण असा तो क्रम आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या १.१२ आवृत्तीत संदेशांची मांडणीही बदलली. मूळ आज्ञावलीची ओळ दाखवून तिच्या खालीच टिपणी देण्याची पद्धत आली. या मांडणीमागे एल्म भाषेच्या २०१५ मधील मैत्रीपूर्ण संदेशांची प्रेरणा होती.

यातील अधिक मोलाची गोष्ट पडताळणीची आहे. स्पष्टीकरणातील चुकीच्या उदाहरणावर अपेक्षित त्रुटीचा क्रमांक नोंदविलेला असतो. कंपायलरच्या चाचण्यांमध्ये ते उदाहरण प्रत्यक्ष चालविले जाते आणि नेमकी तीच त्रुटी आली नाही तर चाचणी अयशस्वी ठरते. दुरुस्त उदाहरण विनातक्रार स्वीकारले जावे लागते. छापील पुस्तकांच्या काळात यंत्र बदलले तरी पान तसेच राहू शके. येथे दस्तऐवज व यंत्र यांची फारकत झाली की ती लगेच उघडकीस येते. दृश्यतेचे नियम वारंवार बदलत असल्याने या सोयीचे महत्त्व अधिकच आहे.

स्पष्टीकरणांचा उपयोग होतो का, यावर संशोधकांत मतभेद आहेत. डेनी व सहकाऱ्यांच्या २०१४ मधील अभ्यासात विस्तारित संदेशांचा विशेष परिणाम आढळला नाही. ब्रेट बेकर यांच्या २०१६ मधील अभ्यासात मात्र चुका कमी झाल्याचे दिसून आले. टायटस बारिक व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ५६ विद्यार्थ्यांच्या नेत्रहालचालींची नोंद घेतली. त्यांना असे आढळले की सहभागी व्यक्ती संदेश वाचतात, आणि त्यांच्या नजरेचा १३ ते २५ टक्के भाग संदेशांवर खर्च होतो. म्हणजे विद्यार्थी वाचत नाहीत हा सरसकट आक्षेप टिकत नाही. वाचूनही का कळत नाही, हा खरा प्रश्न आहे.

७. मराठी भाषक विद्यार्थ्याच्या दृष्टिकोनातून :

या प्रश्नाला महाराष्ट्राच्या संदर्भात एक वेगळी बाजू आहे. मराठीत ‘खासगी’ हा शब्द दैनंदिन व्यवहारात बहुधा मालकी सुचवितो. खासगी शाळा, खासगी दवाखाना, खासगी बस असे आपण म्हणतो. या सर्व ठिकाणी कोणालाही प्रवेश मिळतो. त्या सरकारी नाहीत एवढेच त्या शब्दातून कळते. कंपायलरच्या भाषेतील ‘खासगी’ मालकीविषयी काहीच सांगत नाही, तो केवळ प्रवेशाविषयी बोलतो. त्याचप्रमाणे ‘सार्वजनिक’ म्हणताच सार्वजनिक गणेशोत्सव किंवा सार्वजनिक वाचनालय डोळ्यांसमोर येते, म्हणजे सर्वांना पूर्णतः खुले असलेले स्थान. ‘या मॉड्यूलपुरते सार्वजनिक’ ही कल्पना त्या अर्थाशी विसंगत वाटते. मराठी माध्यमातून शिकून संगणकशास्त्राकडे वळलेला विद्यार्थी इंग्रजी संदेशाचा मनातल्या मनात अनुवाद करतो, तेव्हा शब्द बरोबर येऊनही अर्थ निसटण्याचा संभव असतो.

२०२२ मध्ये रस्टच्या कंपायलरचे संदेश अन्य भाषांत आणता यावेत यासाठी प्रयत्न सुरू झाले होते. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात जीसीसी या कंपायलरच्या संदेशांची भाषांतरे त्याआधीपासून होत आली आहेत. परंतु वरील उदाहरण पाहता केवळ शब्दांतर पुरेसे होणार नाही. मराठीत स्पष्टीकरण लिहिताना ‘खासगी’ऐवजी ‘आतील वापरापुरते’ अशी उलगडून सांगणारी शब्दयोजना अधिक उपयुक्त ठरेल. महाविद्यालयांतील अध्यापकांना हे काम वर्गातील टिपणांपासून सुरू करता येण्यासारखे आहे.

निष्कर्ष :

१. त्रुटीचा क्रमांक प्रथम जागेच्या टंचाईतून आला. सी शार्प व रस्टमध्ये तो विस्तृत स्पष्टीकरणाकडे नेणारा दुवा बनला.

२. दृश्यतेच्या त्रुटीत दोष एका ओळीत नसून दोन घोषणांच्या संबंधात असतो. म्हणून संदेशात दोन्हींचा उल्लेख, घटक खासगी ठरल्याचे स्थळ आणि त्यामागील कारण या तिन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.

३. ‘सापडले नाही’ आणि ‘सापडले, पण परवानगी नाही’ यांतील भेद प्रथम स्पष्ट केला पाहिजे.

४. ‘सार्वजनिक करा’ हा एकमेव उपाय सुचविणारे स्पष्टीकरण त्रुटी घालविते, पण ज्या माहितीगोपनासाठी नियम निर्माण झाला त्यालाच धक्का पोहोचविते. सीमा कोठे असावी हे प्रथम विचारावयास लावणारे स्पष्टीकरण श्रेयस्कर होय. घटक दुसऱ्याच्या लायब्ररीतील असेल तर हा उपाय वाचणाऱ्याच्या हातातही नसतो.

५. ई-०४४६ चा इतिहास पाहता, स्पष्टीकरणाचे लेखन ही नियमाचीही परीक्षा असते. जो नियम सांगताना त्याच्या विरुद्ध अर्थाची पळवाट सांगावी लागते, तो नियम पुनर्विचारास पात्र असतो.

समारोप :

पार्नास यांच्या लेखापासून २०२३ मधील बदलापर्यंत सुमारे पन्नास वर्षांचा काळ लोटला. या काळात यंत्राची स्मृती अफाट वाढली आणि संदेशासाठी जागा नाही ही सबब उरली नाही. तरीही खासगी टाइपची त्रुटी समजावून सांगणे सोपे झाले नाही, कारण अडचण जागेची नव्हती, ती विचाराच्या स्पष्टतेची होती. त्रुटींची स्पष्टीकरणे लिहिणारे बहुतेक जण अनामिक राहतात व त्यांच्या लेखनास साहित्य किंवा संशोधन म्हणून सहसा मान मिळत नाही. परंतु पहिल्यांदा अडखळलेल्या विद्यार्थ्याच्या हाती सर्वांत आधी येतो तो त्यांचाच मजकूर. तो वाचून विद्यार्थी आपली आज्ञावली कशीबशी चालवून घेतो, की आपल्या मॉड्यूलची सीमा कोठे असावी याचा विचार करू लागतो, हे त्या चार ओळींवर पुष्कळ अंशी अवलंबून असते.